पूर्णा : रेल्वेने वाढवलेले, धम्माने जागवलेले गाव

परभणी जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरचा माणूस कृषी विद्यापीठाची आठवण काढतो, गंगाखेडच्या जनाबाईची काढतो, फार तर पाथरीची काढतो. पूर्णेची आठवण कोणी काढलीच तर एवढीच, की ते जंक्शन आहे, तेथे गाडी बदलावी लागते आणि फलाटावर चहा मिळतो. आम्हीही कित्येक वर्षे पूर्णेला असेच पाहत आलो. गाडी थांबली, चहा घेतला, पुढे गेलो. परंतु गेल्या हिवाळ्यात एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही काही कार्यकर्ते पूर्णेला उतरलो आणि दिवसभर राहिलो. त्या दिवशी जे पाहिले आणि ऐकले, ते आपल्या घराघरांत वाचले जावे असे वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

सकाळी निघताना परभणी स्टेशनजवळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला वंदन केले. याच पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची 10 डिसेंबर 2024 रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहर पेटले, धरपकड झाली, आणि कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण न्यायालयीन कोठडीत असताना 15 डिसेंबरला मरण पावला. त्या जागेवरून पुढे जाताना परभणीकर आंबेडकरी माणसाचे पाय जड होतात. जड पायांनीच आम्ही गाडीत चढलो.

पिंगळी, मिरखेल ही लहान स्टेशने मागे पडली आणि थोड्याच वेळात पूर्णा आली.

दोन नद्यांमधले गाव

पूर्णा हे परभणी आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या गावांच्या जवळजवळ मधोमध आहे. दोन्हीकडून अंतर सुमारे 30 किलोमीटर. परभणी जिल्ह्याचे आज नऊ तालुके आहेत : परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून पूर्णा हे आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडचे टोक झाले.

गावाचे नाव नदीवरून आहे. या नावाची दुसरी नदी विदर्भात आहे, ती सातपुड्यातून निघून तापीला मिळते. मुले भूगोलाच्या पेपरात या दोघींची गल्लत करतात. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, वाटेत दुधनेला पोटात घेते आणि पूर्णा गावाच्या पुढे कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. याच नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण 1968 साली पूर्ण झाले. त्याच्या खाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण आहे. कालव्याचे पाणी जेथे पोचले तेथे ऊस, हळद, केळी दिसते. जेथे पोचले नाही तेथे कापूस, तूर, ज्वारी आणि अलीकडे सगळीकडे सोयाबीन. जमीन काळीभोर. पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

गोदावरीचा हा काठ धम्माला परका नाही. सुत्तनिपातातल्या पारायणवग्गात बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची कथा आहे. तो अस्सक देशात गोदावरीच्या काठी राहत होता. मनातल्या शंका फिटाव्यात म्हणून त्याने आपल्या सोळा शिष्यांना तथागतांकडे पाठवले. ते शिष्य पतिट्ठान म्हणजे आपले पैठण, तेथून माहिस्सती, उज्जेनी असे उत्तरेकडे चालत गेले. प्रश्न विचारण्यासाठी एवढी पायपीट करणारी माणसे या गोदेच्या खोऱ्यातली होती, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. माहिस्सती आणि उज्जेनी ही नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांची गरज पडेल.

रूळ आले आणि भोंगा वाजला

रेल्वे येण्यापूर्वी पूर्णा हे निजामाच्या राज्यातले एक नदीकाठचे गाव होते. काळी जमीन होती, पण ती आपल्या लोकांच्या नावावर नव्हती. आपल्या वाट्याला गावकीची कामे, येसकरकी, मेलेले ढोर ओढणे आणि वेठ. कामाचा मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावरचे चार पायल्या धान्य आणि रोजची मागून आणलेली भाकर. पैसा असा हातात येतच नव्हता.

1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली. हैदराबादहून निघालेली ही मीटर गेजची लाईन नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाऊन थांबे. 1912 साली पूर्णेहून हिंगोलीला दुसरा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. पुढे हा फाटा वाशिम, अकोला करत सातपुडा ओलांडून खंडव्याला जोडला गेला. लोक या लाईनीला ‘छोटी लाईन’ म्हणत. पूर्णेला इंजिनांचे लोको शेड झाले, यार्ड झाले, कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरच्या रांगा उभ्या राहिल्या. गावाला घड्याळाची गरज उरली नाही. शेडचा भोंगा वाजला की घरात चूल पेटे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ज्यांचा होता, ते याच शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांचे एक सोबती, वय ऐंशीच्या पुढे, आम्हाला जुन्या शेडच्या बाजूला घेऊन गेले. हातात काठी, डोक्याला मफलर. आम्ही त्यांना विचारले, “बाबा, पहिला पगार आठवतो का?”

म्हणाले, “पगार आठवत नाही भाऊ, पण पगार देणाऱ्यानं नाव घेतलं ते आठवतं. गावात आमच्या बाला कोणी नावानं हाक मारली नव्हती. ‘अरे ए’ म्हणायचे. इथं बाबूनं हजेरीत पूर्ण नाव वाचलं, बापाच्या नावासकट. मी इकडं तिकडं पाहिलं, म्हणलं हे कोणाला बोलवूलालेत!”

सगळे हसले. पण हसता हसता आमच्या लक्षात आले, की या एका वाक्यात पूर्णेचा इतिहास आहे. गावकीत माणसाला जात होती, नाव नव्हते. हजेरीपटावर त्याला नाव मिळाले, नंबर मिळाला, ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम मिळाली, आणि म्हातारपणी पेन्शन मिळाले. रेल्वेने हे काही दयेपोटी केले नाही. तिला कोळसा ओढायला, रूळ ठोकायला, इंजिन धुवायला मजबूत हात हवे होते. परंतु त्या हातांना गाव सोडण्याची वाट त्यातूनच मिळाली.

येथे कोणी असे समजू नये की रुळावर जात नव्हती. याच लाईनीचे दुसरे टोक मनमाड. तेथे 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती आणि अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब होते. अस्पृश्य कामगाराला गँगमनच ठेवतात, वरच्या जागा त्याला मिळत नाहीत, स्टेशनमास्तरच्या घरी कामाला चालणार नाही म्हणून त्याला पोर्टरही करत नाहीत, हे त्यांनी तेथे उघड मांडले. कामगारांचे दोन शत्रू आहेत, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन त्याच परिषदेतले. मनमाडला बोललेली गोष्ट लाईनीने पूर्णेपर्यंत यायला वेळ लागत नाही. गार्ड, फायरमन, खलाशी हेच त्या काळचे आपले वर्तमानपत्र होते.

त्या बाबांनी सांगितले, की शेडमध्ये पाण्याचे माठ पूर्वी वेगळे असत. ते एक कधी झाले, असे विचारले तर म्हणाले, “कोणी एक केले नाहीत. आमची पोरं शिकून आली, त्यांनी सरळ हात घातला.”

एका स्टेशनातून तीन वाटा

बौद्ध माणसाच्या दृष्टीने पूर्णा स्टेशनचे जे वैशिष्ट्य आहे, ते आमच्या मते कोणत्याही प्रवासी पुस्तकात लिहिलेले नसेल.

पश्चिमेकडे जाणारी लाईन परभणी, मनमाड करत मुंबईला जाते. 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेली माणसे याच बाजूच्या गाड्यांना लोंबकळतात. बायाबापड्या डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन, कडेवर लेकरू घेऊन, पांढऱ्या लुगड्यात फलाटावर बसलेल्या असतात.

उत्तरेकडचा हिंगोली-अकोल्याचा फाटा नागपूरच्या वाटेला लागतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी जेथे लाखो माणसे माणसात आली, त्या दीक्षाभूमीला जाण्याची ही वाट. मराठवाड्याच्या दृष्टीने ते वर्ष विशेष आहे. 14 ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली आणि 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला. अठरा दिवसांत आपल्या माणसांचा धर्मही बदलला आणि राज्यही बदलले. राज्य बदलले ते सरकारच्या आज्ञेने. धर्म बदलला तो स्वतःच्या निर्णयाने.

तिसरी वाट आता तुटली आहे, पण तीच आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. छोटी लाईन होती तेव्हा पूर्णा, अकोला, खंडवा आणि पुढे महू अशी एकच मीटर गेज होती. महू म्हणजे बाबासाहेबांचे जन्मगाव, 14 एप्रिल 1891 चे. तीच लाईन पुढे इंदूर, रतलाम करत अजमेरकडे जाई. मीनाक्षी एक्सप्रेस या मार्गाने जयपूरपर्यंत धावे. आणि आता सुरुवातीला सांगितलेली नावे आठवा. माहिस्सती पुष्कळ अभ्यासक नर्मदाकाठी, महेश्वर-मांधात्याच्या भागात दाखवतात. उज्जेनी म्हणजे उज्जैन. गोदाकाठच्या बावरीचे शिष्य ज्या दिशेने बुद्धांना भेटायला पायी गेले, जवळजवळ त्याच दिशेने आपले गार्ड आणि फायरमन कोळशाच्या इंजिनावर जात होते. पूर्णेची कितीतरी कुटुंबे रेल्वेच्या पासवर, घरचे शिधासामान घेऊन, महूची माती कपाळाला लावून आली आहेत.

पुण्यानुमोदनाला आलेल्या एका वृद्ध काकूंनी ती आठवण सांगितली. “रातभर बसून गेलो माय. खंडव्याच्या पुढं डोंगरात गाडी इतकी हळू चालायची की पोरं खिडकीतून हात काढून पानं तोडायची. महूला उतरलो तर सासूबाईंनी पायातली चप्पल काढली. म्हणल्या, ह्या मातीवर चप्पल घालून कशी चालू?”

काळ पुढे गेला. 1990 नंतर मनमाडकडून मोठी लाईन येऊ लागली. पूर्णा-अकोला मार्गाचे रुंदीकरण होऊन 2008 साली मोठी लाईन सुरू झाली. त्याचा लाभ झाला हे नाकारता येणार नाही. आज नागपूर-कोल्हापूर एक्सप्रेस पूर्णेवरून जाते आणि दीक्षाभूमीचा प्रवास सोपा झाला आहे. परंतु अकोल्याच्या पुढे काय झाले? अकोटपर्यंत मोठी लाईन आली. अकोटच्या पुढचा सातपुड्यातला जुना मार्ग मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जात होता. रुंदीकरणासाठी तो 2017 च्या सुरुवातीला बंद झाला. वाघांचे जंगल राखायचे तर लाईन वळवून न्यावी लागणार, हे आम्हालाही पटते. पण एवढ्या वर्षांत महूची सरळ वाट मात्र गेली. महूच्या स्टेशनला आज डॉ. आंबेडकर नगर असे नाव आहे, आणि पूर्णेच्या माणसाला तेथे त्या जुन्या सरळ वाटेने जाता येत नाही.

छोटी लाईन गेली तशी कोळशाची इंजिने गेली आणि शेडचे काम गेले. 2003 साली नांदेड रेल्वे विभाग स्थापन झाला, कचेऱ्यांचे महत्त्व तिकडे वाढले. पूर्णेत क्वार्टर रिकामे होत गेले. आता भोंगा वाजत नाही.

पेटीतले दोन कागद

दुपारी विहारात त्रिसरण-पंचशील झाले, भोजनदान झाले. पूर्णेच्या बुद्ध विहाराचे नाव साऱ्या मराठवाड्यात आहे. भदंत उपगुप्त महाथेरो यांच्या प्रेरणेने येथे दरवर्षी हिवाळ्यात धम्म परिषद भरते आणि खेड्यापाड्यांतून उपासक-उपासिका येतात. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी पगारातून काढलेल्या वर्गणीवर विहारे कशी उभी राहिली, पगाराच्या दिवशी दारात वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन कोण बसत असे, हे आजही जुनी माणसे रंगून सांगतात.

भोजन झाल्यावर दिवंगत उपासकांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने लोखंडी पेटी उघडली. पेटीत पेन्शनचे पुस्तक, बाबासाहेबांचा जुना फोटो, नामांतराच्या मोर्च्याचे एक पत्रक आणि दोन कागद. एक नोकरीचा. त्यावर धर्म-जातीच्या रकान्यात लिहिले होते : हिंदू-महार. दुसरा मुलाच्या लग्नाची पत्रिका. वर तथागतांचे चित्र आणि विवाह ‘बौद्ध धम्म विधीनुसार’.

त्यांचा नातू कॉलेजला जातो. त्याने आम्हाला सर्वांसमक्ष विचारले, “काका, आजोबा मग नक्की कोण होते? कागदावरचे का पत्रिकेतले?”

घरात एकदम शांतता झाली. आजीने खाली पाहिले. त्या माऊलीला वाटले असावे, की आपल्या नवऱ्यावर खोटेपणाचा ठपका येतो आहे. आम्हाला उत्तर देणे भाग होते, आणि ते उत्तर या लेखाच्या वाचकांनाही द्यावेसे वाटते. कारण अशी पेटी पूर्णेत घरोघर आहे, मुदखेडला आहे, मनमाडला आहे, भुसावळला आहे. म्हणून आम्ही कोणा एकाचे नाव येथे घेत नाही.

मुला, ऐक. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू माणसालाच होत्या. 1956 साली शीख समाजाचा त्यात समावेश झाला. आपल्या माणसांनी धम्म स्वीकारला आणि केंद्र सरकारच्या लेखी ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. अस्पृश्यता गावात होती तशीच होती, पाणवठा तसाच होता, पण कागदावर हक्क गेला. महाराष्ट्र राज्याने 1960 नंतर राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. परंतु रेल्वे केंद्राची. तेथे राज्याचा कागद चालत नव्हता. म्हणून तुझ्या आजोबांसमोर प्रश्न असा होता, की रकान्यात बौद्ध लिहून सवलत गमवायची, की हिंदू-महार लिहून लेकरांच्या पोटात अन्न घालायचे. त्यांनी दुसरे लिहिले, आणि घरी येऊन पंचशील म्हटले. हा खोटेपणा त्यांचा नव्हता. तो कायद्यातला अन्याय होता. 1990 साली केंद्राने कायदा दुरुस्त केला आणि बौद्धांना अनुसूचित जातीत धरले. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी! तुझे आजोबा चौतीस वर्षांच्या त्या काळातले.

आजीने मान वर केली. म्हणाली, “ते म्हणायचे, कागद सरकारचा आहे, मी बाबासाहेबाचा आहे.”

आकडा बोलतो, पण आपण सांगितले तरच

आमचा पेशा कारकुनीचा. आकडे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. पूर्णा शहराची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 33 हजार होती. 2011 मध्ये ती 36 हजारांच्या थोडी वर गेली. म्हणजे दहा वर्षांत वाढ साधारण दहा टक्के. त्याच दहा वर्षांत परभणी जिल्हा 15 लाख 27 हजारांवरून 18 लाख 36 हजारांवर गेला, म्हणजे वाढ वीस टक्के. जिल्हा ज्या वेगाने वाढला त्याच्या निम्म्या वेगाने पूर्णा वाढले. याचा अर्थ उघड आहे. येथे जन्मलेली मुले कामासाठी नांदेड, पुणे, मुंबई गाठतात. ज्या गावाने आजोबाला खेड्यातून खेचून आणले, तेच गाव नातवाला काम देऊ शकत नाही.

आता बौद्धांचा आकडा पाहा. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. 1961 मध्ये ती सुमारे 27 लाख 90 हजार झाली. जगाच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी. 1981 मध्ये आपण 39 लाख होतो, 1991 मध्ये 50 लाखांवर गेलो. या वाढीमागे समाजाची जागृती आहे तसाच 1990 च्या कायद्याचाही हात आहे, असे आम्हाला वाटते. 2011 मध्ये महाराष्ट्रात 65 लाख 31 हजार बौद्धांची नोंद झाली, साऱ्या देशात 84 लाख 43 हजारांची. म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन महाराष्ट्रात.

पण हा आकडा खरा आहे का? पेटीतला पहिला कागद आठवा. भीती अजून गेलेली नाही. आजही कित्येक घरांत जनगणनेचा माणूस आला की, धर्म बौद्ध लिहिला तर मुलाचे जातीचे प्रमाणपत्र अडेल, या शंकेने हिंदू लिहायला सांगतात. काही जण उलट करतात. धर्म बौद्ध सांगतात आणि जात विचारली की ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणून रकाना रिकामा सोडतात किंवा ‘नवबौद्ध’ सांगतात. भावना चांगली आहे, पण अनुसूचीत नवबौद्ध नावाची जात नाही. अशाने माणूस अनुसूचित जातीच्या मोजणीतून गळतो, आणि राखीव मतदारसंघ, निधी, योजना हे सारे त्या मोजणीवर ठरते.

2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही. आता सरकारने 16 जून 2025 च्या अधिसूचनेने 2027 ची जनगणना जाहीर केली आहे. माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे, आणि या वेळी सर्वांचीच जात विचारली जाणार आहे. नोंद मोबाइलवर होणार आहे. म्हणून आतापासून सांगून ठेवतो. धर्म विचारला की ‘बौद्ध’. जात विचारली की अनुसूचीतले आपल्या जातीचे नाव, जसे ‘महार’. दोन्ही रकाने वेगळे आहेत. 1990 च्या कायद्याने पहिल्यामुळे दुसरे जात नाही. जातीचे नाव सांगणे म्हणजे जात मानणे नव्हे. ज्या जातीमुळे अन्याय झाला, त्या अन्यायाचा हिशेब लिहून घेणे होय. मोजणारा काय नोंदवतो ते जवळ उभे राहून पाहा, आणि वाचून दाखवायला सांगा. घरात शिकलेली लेक-सून असेल तर तिलाच पुढे बसवा.

निघताना

संध्याकाळी स्टेशनवर आम्हाला पोचवायला तो नातू आला. फलाटावर तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी अशा चारही भाषा कानावर पडत होत्या. रेल्वेने या गावाला दिलेली ही आणखी एक देणगी. 1978 साली नामांतराच्या प्रश्नावर मराठवाडा पेटला, परभणी-नांदेडच्या खेड्यांत आपली घरे जळाली, तेव्हा खेड्यातल्या माणसांना आसरा वाटला तो अशाच गावांचा. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला, तेव्हा याच फलाटांवर मिठाई वाटली गेली असे म्हातारे सांगतात.

नातवाने सांगितले, की मित्रांना घेऊन तो एक वही करणार आहे. शेडमध्ये काम केलेल्या आपल्या प्रत्येक माणसाचे नाव, मूळ गाव, कोणत्या साली लागला, कोणते काम केले, विहाराला काय दिले, हे विचारून लिहायचे. आम्ही त्याला म्हणालो, उशीर करू नको. ज्यांना भोंग्याचा आवाज आठवतो ती माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. एक रकाना जास्तीचा ठेव. त्यात आजोबांच्या नावापुढे ‘बौद्ध’ लिही. नोकरीच्या कागदावर जे त्यांना लिहिता आले नाही, ते तुझ्या वहीत लिहिले जाऊ दे.

तो म्हणाला, “पहिलंच नाव त्यांचं लिहिलं आहे काका.”

गाडी सुटली. पूर्णेचे दिवे मागे गेले. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात अशी पेटी असेल, आपल्याही गावाला अशी एखादी गिरणी, शेड, खाण किंवा यार्ड असेल, जेथे आपल्या बापजाद्यांचे नाव पहिल्यांदा पूर्ण वाचले गेले. मुलांना घेऊन बसा, पेटी उघडा आणि त्यांना सगळे सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!